अनीसचा पाव

ऑक्टोबर संपत आला की मेक्सिको सिटीत घरून गोड पाव करून विकणाऱ्या आम्हा बायकांना मान वर करायला फुरसत नसते. एरवी माझ्याकडच्या कोंचा जास्त खपतात: साखर, मैदा आणि वनस्पती तुपाचा थर देऊन वर शिंपल्यासारख्या रेघा मारलेले गोल पाव. पण १ आणि २ नोव्हेंबरला इथे मृतांचा सण असतो, आणि तेव्हा सगळ्यांना ‘पान दे मुएर्तो’च, म्हणजे मृतांचा पावच हवा असतो. वर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या, मधोमध कवटीचा छोटा गोळा आणि अंगभर साखर.

३१ तारखेला सकाळी गल्लीतले एक आजोबा दारात आले. आजी गेल्यानंतरचा हा पहिलाच सण. म्हणाले, “तुझ्या पावाला संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असतो. ती अनीस घालायची. तिला हा आपला वाटायचा नाही.”

मी नाही म्हणूच शकले नाही. घरी आलेले आत्मे नैवेद्याचा वास तेवढा घेतात, अशी इथली श्रद्धा आहे. म्हणून तर ओफ्रेंदापाशी, म्हणजे मृतांसाठी घरात मांडलेल्या नैवेद्यापाशी, कोपाल या सुगंधी राळेचा धूप जळतो आणि वाटेवर झेंडूच्या पाकळ्या पसरतात. (आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा इथलाच.) मग पावाचा वासच परका असेल तर कसं चालेल?

अनीसचे ते बडीशेपेसारख्या वासाचे बारीक दाणे पाण्यात उकळले आणि पाणी पार निवू दिलं, कारण गरम पाण्यात यीस्ट मरतं. अर्धा किलो मैदा, चार अंडी, शंभर-शंभर ग्रॅम लोणी आणि साखर. लोणी मात्र शेवटी, थोडं थोडं करून. आधीच घातलं की पिठाला ताण येत नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे पीठ भराभर फुगतं आणि चव यायच्या आतच ओसंडतं. म्हणून यीस्ट कमी घालून मी गोळा खिडकीशी गार जागी ठेवला.

हाडं वळताना बोटं फाकवून पिठाच्या वळीवर दाबत पुढेमागे फिरवायची, म्हणजे गाठी उठतात. टोकं पावाच्या तळाशी नीट चिकटवावी लागतात, नाहीतर दुसऱ्यांदा फुगताना घसरतात. पाव भाजून निघाला की कोमट असतानाच लोणी लावून साखरेत घोळवायचा. कढत असला तर साखर विरघळते.

संध्याकाळी आजोबांनी कागद उघडून पाव नाकाशी नेला, बराच वेळ. मग म्हणाले, “हाच. पण ती अनीस थोडी जास्त घालायची.”

ते मी वहीत लिहून ठेवलं. आता या सणाची ऑर्डर घेताना किती पाव हवेत हे विचारण्याआधी मी विचारते, तुमच्या घरी वास कशाचा असायचा? कुणी अनीस सांगतं, कुणी संत्र्याची साल, आणि पुष्कळजण आईला फोन लावतात.