थाई मसाज शिकायला जाताना, आणि सोलापुरात परतल्यावर

थाई मसाजाला तेल लागत नाही, टेबल लागत नाही आणि कपडेही उतरवावे लागत नाहीत. सैल पायजमा-सदरा घातलेला माणूस जमिनीवरच्या गादीवर आडवा होतो. मसाज करणारा शेजारी गुडघ्यांवर बसून तळहात, अंगठे, कोपर, क्वचित पाऊल अशा साधनांनी दाबत जातो आणि मधूनमधून सांधे वाकवून ताण देतो. मसाज म्हटलं की आपल्याकडे लोक बिचकतात, बायका तर जास्तच. कपडे अंगावर ठेवून, दार उघडं ठेवून, घरातलं माणूस शेजारी बसलेलं असताना करता येणारी ही पद्धत म्हणूनच सोलापूरसारख्या गावात रुजू शकते. योगशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, पार्लर चालवणाऱ्या ताई हे सगळे ती शिकायला थायलंडला जाण्याचा विचार करतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जाण्याआधी एक मनाशी पक्कं करा: शिकून आणायचा आहे तो दाब. व्हिडिओत दिसणारे ताणाचे प्रकार, म्हणजे पाठीवर उचलून घेणं, कमरेतून पिळणं वगैरे, डोळ्यांत भरतात आणि नवशिके त्यांच्याच मागे लागतात. पण दोन तासांच्या बैठकीतला निम्म्याच्या आसपास वेळ पायांवर, नुसत्या दाबण्यात जातो. माणसाला बरं वाटतं ते तिथे.

शिकण्याची दोन मोठी ठिकाणं आहेत. बँकॉकमधलं वाट फो हे देऊळ, आणि उत्तरेतलं चियांग माई. वाट फोचा मोठा जीर्णोद्धार थायलंडचा राजा तिसरा राम याच्या काळात, १८३०च्या दशकात झाला. त्या वेळी वैद्यकासह अनेक विद्या संगमरवरी पाट्यांवर कोरून भिंतींत बसवल्या गेल्या. दाबाचे बिंदू आणि रेषा दाखवणाऱ्या पाट्या आजही मंडपात पाहता येतात. हे शिलालेख २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत गेले, आणि ‘नुआद थाई’ म्हणजे थाई मसाज २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत. देवळाच्या शाळेतला पायाभूत वर्ग ३० तासांचा असतो, रोज सहा तास धरले तर पाच दिवस. चियांग माईत ‘ओल्ड मेडिसिन हॉस्पिटल’सारख्या जुन्या शाळा आहेत, शिवाय घरातच शिकवणारे अनेक गुरू. बँकॉककडे अंगठ्याने रेषा दाबण्यावर भर, उत्तरेत गती संथ आणि ताण जास्त, असा ढोबळ फरक सांगता येईल. याशिवाय राजदरबारी शैली आणि लोकशैली अशी एक वेगळी विभागणी आहे. दरबारी शैलीत फक्त हात वापरतात आणि अंतर राखून बसतात. कोपर, गुडघा, पाऊल वापरायची मुभा लोकशैलीला.

गुरू निवडताना एकच कसोटी लावा: तो स्वतः तुमच्या हाताखाली झोपतो का? विद्यार्थ्यांनी एकमेकांवर सराव करणं ठीकच, पण दाब कुठे चुकला हे समोरचा नवशिका सांगू शकत नाही. गुरूला दोन सेकंदांत कळतं. मग तो ‘बाओ-बाओ’ म्हणेल, म्हणजे हलकं, किंवा ‘चा-चा’, म्हणजे सावकाश. ‘जेप मै?’ हा प्रश्न, दुखतंय का, तुम्हीही पाठ करून जा. एका वर्गात दहा-बारा जणांवर एकच शिक्षक असेल तर दुसरीकडे बघा. आणि पहिल्या वर्गानंतर लगेच पुढचा वर्ग घेण्यापेक्षा त्याच गुरूकडे तोच क्रम पुन्हा करायला मागा. बरेच जण कमी पैशांत करू देतात.

सकाळी वर्ग सुरू होताना ‘वाय ख्रू’ होतं, म्हणजे गुरुवंदना. त्यात नाव येतं ते जीवकाचं, बुद्धाच्या वैद्याचं. राजगृहाचा, तक्षशिलेला शिकलेला तोच जीवक. थाई उच्चारात तो ‘शिवको’ होतो. पाली मंत्र समजला नाही तरी हात जोडून शांत बसा. पाय गुरूकडे किंवा मूर्तीकडे करू नका, झोपलेल्या माणसाला ओलांडू नका, वळसा घालून पलीकडे जा. डोक्याला हात लावण्याआधी विचारा. हे सगळं आपल्याला फारसं परकं नाही. शाकाहारी असाल तर ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेल्या दुकानात मांस-मासे नसतात. इतर ठिकाणी नुसत्या भाजीतही माशाचा सॉस पडतो.

आता मुख्य काम. पाठीवर झोपलेल्या माणसाच्या पावलांपासून सुरुवात करतात, मग पाय, मग कूस, पालथं, शेवटी बसवून मान-खांदे. प्रत्येक रेषेवर क्रम असा: आधी तळहाताने, मग अंगठ्याने, मग पुन्हा तळहाताने. पायाच्या आतल्या बाजूला तीन आणि बाहेरच्या बाजूला तीन रेषा शिकवतात. बाहेरची पहिली रेषा नडगीच्या हाडापासून दोन बोटं बाहेर, मांसल भागात असते. आतली पहिली नडगीच्या कडेखाली. हाडावर अंगठा पडला तर समोरचा लगेच आखडतो. गुडघ्याच्या वाटीवर दाब नाही, ती सोडून पुढे जायचं. पाठीच्या रेषा मणक्यापासून दोन बोटं दूर. मणक्यावर कधीच नाही.

दाब हातातून येत नाही. हात कोपरात सरळ, खांदे अंगठ्यांच्या बरोबर वर, आणि पुढे झुकते ती कंबर. समोरचा श्वास सोडतो तेव्हा झुकायचं, तीन ते पाच सेकंदांत वजन उतरवायचं, क्षणभर थांबायचं, तेवढ्याच सावकाश मागे यायचं. मग अंगठ्याच्या रुंदीएवढं पुढे सरकायचं. नवशिक्यांचा दाब देताना नाही, तर सोडताना बिघडतो. ते झटकन हात उचलतात आणि स्नायू पुन्हा आवळतो. चाकावर मडकं घडवणाऱ्या कुंभाराचा हात जसा मातीवरून निघतो, तसा तो निघाला पाहिजे.

अंगठे दुखणं ही सगळ्यात मोठी अडचण. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्या वर्गाचे अंगठे सुजलेले असतात. कारण जवळपास नेहमी एकच असतं: वजन कमी पडतं म्हणून बोटाच्या ताकदीने ढकललं जातं आणि अंगठ्याचा बुडाचा सांधा मागे वळतो. टोकाने न दाबता पेराच्या गादीने दाबा, बाकीची बोटं पसरून आधाराला टेकवा, अंगठा-मनगट-कोपर एका रेषेत ठेवा. तरीही दुखलं तर त्या दिवशी फक्त तळहात आणि कोपराखालचा हात वापरा. सुजलेल्या अंगठ्याने सराव रेटला तर दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं आणि शिकलेलं सगळं वाया जातं. कंबर दुखत असेल तर तुम्ही माणसापासून लांब बसला आहात, जवळ सरका. गुडघ्यांचं म्हणाल तर, मांडी घालून जेवायची सवय इथे कामाला येत नाही. पायाची बोटं दुमडून गुडघ्यांवर तासन्‌तास बसावं लागतं. जाण्याआधी महिनाभर रोज दहा-पंधरा मिनिटं तसं बसायचा सराव करा. तळपायाला गुदगुल्या होतात म्हणून विद्यार्थी हात आणखी हलका करतात आणि गुदगुल्या वाढतात. तिथे पूर्ण तळहात ठामपणे टेकवायचा असतो.

सेन, म्हणजे शरीरातून प्राणशक्ती वाहते असं मानतात त्या रेषा, त्यांबद्दल थोडंसं. दहा मुख्य सेन मानतात. त्यांतल्या इत्था, पिंगखला, सुमना योग करणाऱ्यांना ओळखीच्या वाटतील, पण इडा-पिंगलेचा नकाशा त्यांवर लावू नका. इत्था नाभीपाशी निघून डाव्या मांडीत उतरते आणि पाठीतून वर डाव्या नाकपुडीपर्यंत जाते. पिंगखला तशीच उजवीकडून. चांगले गुरू यावर फार बोलत नाहीत. तुमचा अंगठा धरून रेषेवर ठेवतात.

एक प्रकार मात्र तिथेच शिकून तिथेच सोडून यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जांघेतल्या धमनीवर तळहाताने अर्धा मिनिट वगैरे दाब धरून तो सोडतात, ‘वाऱ्याचं दार उघडणं’ म्हणतात त्याला. सोडल्यावर पायात ऊब धावते, छान वाटतं. पण उच्च रक्तदाब, हृदयविकार, फुगलेल्या निळ्या शिरा, रक्ताची गुठळी, गरोदरपण यांपैकी काहीही असलं तर तो घातक ठरू शकतो. आपल्याकडे किती जणांना स्वतःचा रक्तदाब माहीत असतो?

प्रमाणपत्राचंही आधीच समजून घ्या. ते तुम्ही वर्ग पूर्ण केल्याचा कागद आहे, वैद्यकीय परवाना नव्हे. आणि थायलंडमध्ये हा व्यवसाय थाई नागरिकांसाठी राखीव आहे, त्यामुळे शिकून तिथेच काम करू, असा बेत आखू नका. विमान मुंबईहून किंवा हैदराबादहून थेट मिळतं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते तिकीट काढण्याआधी तपासा आणि प्रवेशाचं डिजिटल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरा.

परतल्यावर पहिली गरज गादीची. झोपायची मऊ गादी चालत नाही. त्यात माणूस रुततो आणि दाब कापसातच जिरतो. गादीवाल्याकडून कापूस घट्ट भरून अडीच-तीन इंच जाडीची, पाच फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब करून घ्या. रुंदी तुमच्या गुडघ्यांसाठी आहे, ते फरशीवर टेकता कामा नयेत. वर्षा-दोन वर्षांनी कापूस पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. वर सोलापुरी चादर घालायला हरकत नाही, पण तिची वीण जाड, म्हणून प्रत्येक माणसासाठी वेगळी पातळ सुती चादर अंथरा. सैल सलवारी आणि पायजमे दोन-तीन मापांत धुऊन ठेवा, साडी नेसून आलेल्या बाईला मांडीचा ताण देता येत नाही.

काम कोणावर करणार याचाही विचार हवा. यंत्रमागावर पाळी करून आलेला कामगार आठ-दहा तास उभा असतो. त्याच्या पोटऱ्या आणि कंबर दाब मागतात. घाईने पाठीवर जाऊ नका, पायांनाच वेळ द्या. विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून दिवस काढतात. त्यांच्या मानेला ताण देण्याआधी खांद्याची वरची कड आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात नीट दाबा. अंगठा मात्र खेचू नका, त्याचा सांधा आधीच झिजलेला असू शकतो. ज्यांना पालथं झोपवत नाही त्यांना कुशीवर घ्या, पाठीच्या रेषा तशाही मिळतात.

सुरू करण्याआधी विचाराच: साखर आहे का, पायाला बधिरपणा आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हाड मोडलं आहे किंवा ऑपरेशन झालं आहे का? बधिर पायाला जास्त झालेला दाब कळत नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर हातही लावू नका, थेट डॉक्टरकडे पाठवा. ताप असेल तर दुसऱ्या दिवशी बोलवा.

औषधी पुरचुंडीचा शेक, ‘लुक प्रकोब’, इथे करता येतो. मूळ घटक असतो प्लाय नावाचा आल्याच्या कुळातला कंद. तो इथे सहज मिळत नाही, बाकी बरंच मिळतं. चिंचेचा पाला आपल्याकडे उदंड, आणि ते वापरतात तो सोम पोईचा पाला म्हणजे शिकेकाईच्या झाडाचाच. दोन पुरचुंड्यांसाठी ओली हळद १०० ग्रॅम, आलं १०० ग्रॅम, गवती चहा ७५ ग्रॅम, चिंचेचा पाला ५० ग्रॅम, लिंबाची साल ५० ग्रॅम, मीठ एक मोठा चमचा, भीमसेनी कापूर एक लहान चमचा. सगळं जाडसर ठेचा; वाटण बारीक झालं तर कापडातून गळतं. कापूर शेवटी, विस्तवापासून लांब. मांजरपाटाच्या दीड फुटी चौकोनात घट्ट बांधून मोदकपात्रात १५-२० मिनिटं वाफवा. आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, मग समोरच्याला भराभर टेकवत सुरुवात करा आणि निवत जाईल तसं जास्त वेळ धरा. बधिर पायांना शेक नाही, गरोदर बाईला नाही. हळदीचा डाग जात नाही, हे आधीच सांगा. पुरचुंडी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. आंबट वास आला की फेकून द्या.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर चाळिशीच्या पार जातं, तेव्हा शेक बंद ठेवा आणि बैठका सकाळी नऊच्या आत उरका. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या, बैठक झाल्यावर माणसाला लगेच उठवू नका. पाच मिनिटं कुशीवर पडू द्या, मग पाणी द्या आणि आधाराने बसवा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उभं राहिलं की चक्कर येऊ शकते.