टोपीतलं दफ्तर

लेकीकडे शिकागोला गेलो तेव्हा हट्टानं स्प्रिंगफील्डला लिंकनचं वकिली ऑफिस बघून आलो. चाळीस वर्षं कोर्टात काढली की दुसऱ्याच्या कागदांचा पसारा बघायची खोडच लागते! हा गडी पत्रं चक्क उंच टोपीत ठेवायचा. एका गठ्ठ्यावर लिहून ठेवलेलं, कुठंच सापडलं नाही तर यात बघा. आमच्या कारकुनाला सांगितलं, तो नुसता हसला.

लिंकनला १८३६ला वकिलीची सनद, १८४६ला काँग्रेसवर म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर निवड, १८५८ला सिनेटसाठी प्रतिस्पर्धी डग्लसकडून हार, १८६०ला थेट राष्ट्राध्यक्ष. वॉशिंग्टनला निघताना भागीदार हर्नडनला म्हणाला, ऑफिसची पाटी राहू दे, जगलो तर परत येईन.

त्या जिन्यात मी जरा थांबलोच. माझीही पाटी अजून आहे. मुलगा म्हणतो, काढा आता.