कोराडी रोडने बाहेर, अमरावती रोडने घरी: डोंगर, रण आणि समुद्राचं रिंगण

नागपूरहून डोंगर, वाळवंट आणि समुद्र एकाच खेपेत बघायचे असतील तर चार आकडे लिहून घ्या: 47, 27, 51 आणि 53. हे राष्ट्रीय महामार्गांचे नंबर आहेत. 47 आपल्या कोराडी रोडने सावनेर, बैतूलकडे निघतो आणि इंदूरला नेतो. 27 उदयपूर, आबू रोडवरून कच्छच्या दारात सोडतो. 51 द्वारकेपासून भावनगरपर्यंत सौराष्ट्राच्या किनाऱ्याने जातो. आणि 53 सुरतेजवळच्या हजिऱ्याला सुरू होऊन धुळे, जळगाव, अकोला, अमरावती करत वाडीतून नागपुरात शिरतो. मधले जोडरस्ते सोडले तर बरंचसं रिंगण या चौघांवरच होतं. अंतर साधारण साडेतीन हजार किलोमीटर, दिवस तेरा-चौदा. पंधराचा अ‍ॅव्हरेज धरला तर पेट्रोल दोनशे तीस-चाळीस लिटर. गुजरातेत ते मध्य प्रदेश-राजस्थानपेक्षा स्वस्त मिळतं, त्यामुळे टाकी फुल तिकडे गेल्यावर करा.

यात जैसलमेर नाही, हे मुद्दाम. आबूहून जैसलमेर करून पुन्हा कच्छला उतरायचं म्हणजे तीन दिवस वाढतात आणि त्यातला बराच वेळ स्टिअरिंगवरच जातो. वाळूच्या टेकड्याच हव्या असतील तर जोधपूर-जैसलमेरची वेगळी ट्रिप करा. या रिंगणातलं वाळवंट म्हणजे कच्छचं रण. ते मिठाचं आहे, आणि सगळ्या तारखा त्याच्यावरच ठरतात.

पावसाळ्यात रणात पाणी भरतं, ते आटत जातं तसं मीठ वर येतं. नोव्हेंबरात गेलात तर बऱ्याच ठिकाणी चिखल आणि उथळ पाणी दिसतं, पांढरं रण नाही. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत मीठ वाळलेलं असतं. पौष किंवा माघ पौर्णिमेला धोरडोचे (पांढऱ्या रणाजवळचं मुक्कामाचं गाव) दर चढतात आणि गर्दीही होते. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पोचलात तर चंद्र सूर्यास्तापूर्वीच वर आलेला असतो, खोलीही मिळते. म्हणून आधी रणातली रात्र पक्की करा आणि मग तिथून उलटं मोजत नागपूरहून निघायची तारीख काढा. लोक नेमकं उलटं करतात, सुटीचा पहिला दिवस धरून पुढे मोजत जातात.

पहिले दोन दिवस नुसते अंतर कापायचे. नागपूर ते इंदूर साडेचारशेच्या आसपास: पांढुर्णा, मुलताई, बैतूल, हरदा, मग हंडिया-नेमावरला नर्मदा ओलांडायची. मुलताई म्हणजे तापीचा उगम. परतीला हजिऱ्याला उतराल तेव्हा तीच नदी समुद्राला मिळताना दिसेल. दुसऱ्या दिवशी रतलाम, मंदसौर, नीमच, चित्तौडगडवरून उदयपूर, चारशे. डिसेंबर-जानेवारीत माळव्यात सकाळी धुकं असतं, त्यामुळे पहाटे चारला निघण्याची नागपुरी हौस इथे कामाची नाही. ऊन पडल्यावर निघा आणि अंधाराच्या आत मुक्काम गाठा. रात्री रस्त्यावर नीलगाय असते, आणि एकच दिवा लावलेला ट्रॅक्टर दुरून मोटारसायकलसारखा दिसतो.

माउंट आबूचा घाट आबू रोडपासून अठ्ठावीस किलोमीटरचा. वर गुरुशिखर 1722 मीटर, अरवलीतलं सर्वांत उंच. चढताना अडचण येत नाही, येते ती उतरताना. सपाटीवर गाडी चालवणारा माणूस सवयीने पाय ब्रेकवर ठेवूनच उतरतो. पंधरा-वीस मिनिटांत पॅड तापतात, जळका वास येतो, पेडल खोल जाऊ लागतं. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक ठिकाणी तो दुसरा असेल. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ (लो गिअर). ब्रेक थोडा थोडा मारून सोडायचा, दाबून धरायचा नाही. वास आलाच तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. चाकावर पाणी मात्र ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते.

आबूहून पालनपूर, राधनपूर, सांतलपूर, मग रापरला वळून धोलावीरा. हा दिवस चारशेचा, पण शेवटचा टप्पा निर्मनुष्य. रापरला पेट्रोल आणि पाणी भरून घ्या. भुजमार्गे येण्यापेक्षा हा रस्ता बरा, कारण धोलावीऱ्याचं हडप्पाकालीन शहर (2021 पासून जागतिक वारसा) आधी बघून होतं आणि तिथून रणाच्या मधोमध टाकलेल्या रस्त्याने खावड्याला निघता येतं. दोन्ही बाजूंना मीठ, मध्ये डांबर. फोटोसाठी गाडी डांबराखाली उतरवू नका. वरचा थर फरशीसारखा टणक दिसतो, खाली काळा गाळ असतो. पुढचं चाक एकदा त्यात गेलं की बंपर टेकतो, आणि ओढायला ट्रॅक्टर येईपर्यंत निम्मा दिवस जातो.

खावड्याजवळ काळो डुंगर, 462 मीटर, कच्छमधला सर्वांत उंच माथा. शेवटचे चढ-उतार अंगावर येणारे आहेत, तिथेही दुसराच गिअर. धोरडोच्या पांढऱ्या रणाला परवाना लागतो. तो ऑनलाइन किंवा भिरंडियाराच्या चौकीवर मिळतो. प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स हाताशी ठेवा. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, हे विसरू नका. इंदूर-उदयपूरची उरलेली बाटली डिकीत राहिली तर सीमेवरच्या तपासणीत सगळ्या ट्रिपचा विचका होतो.

भुजहून मांडवी साठ किलोमीटर. रुक्मावतीच्या काठावर अजूनही लाकडी जहाजं बांधतात, ती बघायला सकाळची वेळ ठेवा. किनाऱ्यावर गाडी नेऊ नका. तरी फसलीच, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, चाक फिरेल तितकं खोल जातं. चाकांपुढची वाळू हाताने काढा, हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवा, पायपुसणी चाकाखाली घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. बाहेर आल्यावर लगेच हवा भरायची, म्हणून बारा व्होल्टचा पंप जवळ हवा. एरवी हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण लोडचा आकडा असतो, तो घ्या. दुपारी गरम टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नका.

नकाशावर मांडवीसमोरच द्वारका दिसते आणि इथेच बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. मध्ये कच्छचं आखात आहे. सामखियाळी, माळिया, जामनगर असा वळसा घालून सव्वाचारशे किलोमीटर होतात. त्याला पूर्ण दिवस द्या. द्वारकेला दोन रात्री ठेवा: एका दिवसात ओखा-बेट द्वारका (2024 पासून सुदर्शन सेतूने गाडी थेट बेटावर जाते) आणि शिवराजपूरचा किनारा होतो. मग 51 वरून पोरबंदर, माधवपूर, सोमनाथ, दीव. माधवपूरला रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की तिथे जेवणाचा थांबा ठेवाच.

भावनगरजवळच्या घोघ्याहून हजिऱ्याला गाडीसकट रो-रो फेरी जाते. रस्त्याने भावनगर-सुरत 370 किलोमीटर, पाण्यातून नव्वदेक, चारेक तासांत. गाडीचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासा, वारा-भरतीवर फेरी पुढेमागे किंवा रद्द होते. तेवढ्यासाठी एक दिवस शिल्लक ठेवा. गाडी खालच्या डेकवर राहते आणि माणसं वर जातात, त्यामुळे औषधं, स्वेटर, खाणं आधीच काढून घ्या. हँडब्रेकबरोबर गाडी गिअरमध्येही टाकून ठेवा.

हजिऱ्याहून नागपूर साडेसातशेच्या वर. एका दिवसात नका ओढू, जळगाव-भुसावळला थांबा. अमरावती-अकोल्यादरम्यानच्या 75 किलोमीटरचं डांबरीकरण 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनेस बुकात गेलं, हे मागच्या सीटवरच्या पोरांना सांगायला बरं. टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास (200 टोल, 2025 मध्ये सुरू झाला तेव्हा 3000 रुपये होता) घेतला असेल तर तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, राज्य रस्त्यांच्या नाक्यांसाठी फास्टॅगमध्ये वेगळा बॅलन्स ठेवा.

घरी आल्यावर नुसता फोम वॉश करून भागत नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या: चाकांच्या कमानी, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शन. रणाचं आणि समुद्राचं मीठ सांध्यांत बसतं, हवेत ओल आली की गंज धरतं. शक्य असेल तर एक धुणं भुजलाच उरकून घ्या, दुसरं नागपुरात. त्याच वेळी व्हील अलाइनमेंट आणि एअर फिल्टरही बघून टाका.