‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ म्हणजे आपला ‘कडे’

ऑफिसच्या मेलची शेवटची ओळ: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. ‘भेटीची आतुरतेने वाट पाहतोय’ हा अर्थ पोचतो, पण व्याकरण चुकतं. बरोबर रूप ‘टू मीटिंग यू’. नियम ठाऊक असलेल्यांचाही हात इथे घसरतो, कारण शाळेत ‘टू गो, टू ईट, टू सी’ घोटून घेतलेलं असतं. ‘टू’ दिसला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप आपोआप येतं.

पण इंग्रजीत ‘टू’ दोन कामं करतो. ‘आय वॉन्ट टू मीट यू’ मधला ‘टू’ क्रियापदाला चिकटलेला आहे: भेटायचंय. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधला मात्र आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा आहे, आणि त्याला नामच लागतं. मराठीत हे आपण न शिकता पाळतो. ‘तुमच्या येण्याकडे डोळे लावून बसलोय’ हे वाक्य बघा, इंग्रजीत ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर कमिंग’. लुक म्हणजे डोळे लावणं, टू म्हणजे कडे, आणि कमिंग म्हणजे येणं. ‘ये-कडे’ असं कोणी म्हणत नाही. आधी ‘येणे’ हे नाम करतो, मग त्याचं सामान्यरूप करून ‘येण्याकडे’. इंग्रजीत सामान्यरूपाची भानगड नाही, ‘आयएनजी’ लावलं की काम झालं.

शंका आली तर ‘टू’नंतर ‘इट’ (it, म्हणजे ‘ते’; खाण्याचं ‘ईट’ नव्हे) ठेवून पाहायचं. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणून क्रियापद आलं तर आयएनजी. ‘आय वॉन्ट टू इट’ चालत नाही, म्हणून तिथे मूळ रूप. हीच कसोटी ‘यूस्ड टू’लाही लागू पडते. ‘आय ॲम यूस्ड टू वेकिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठायची सवय आहे. ‘आय यूस्ड टू वेक अप अर्ली’ म्हणजे पूर्वी उठायचो, आता नाही. एका ‘ॲम’ने अर्थ फिरतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय’. हा ‘फॉर’ शेजारच्या ‘वेट फॉर’मधून घुसतो, कारण मराठीत दोन्हीकडे ‘वाट पाहणे’च. ‘टू’ गाळून ‘लुकिंग फॉरवर्ड युअर रिप्लाय’ हेही सर्रास दिसतं. ‘दॅट’ जोडून ‘लुकिंग फॉरवर्ड दॅट यू विल कम’ असंही होत नाही. ‘टू यू कमिंग’ किंवा जरा औपचारिक ‘टू युअर कमिंग’ म्हणायचं. प्रश्नात ‘टू’ शेवटी जातो, पण गळत नाही: ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू?’

‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ हे अर्जाला, अनोळखी साहेबाला, कंपनीच्या पत्राला शोभतं. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’मध्ये जवळीक जास्त. सुरुवातीचं ‘आय ॲम’ गाळलं तर आणखी मोकळं होतं. रोजच्या मेलला ठीक, नोकरीच्या अर्जात पूर्ण वाक्यच बरं.

मराठी आणि इंग्रजीची वाट एका जागी मात्र वेगळी होते. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो तेव्हा त्यात काळजी असते. ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये आनंदच असतो. म्हणून ऑपरेशनच्या रिपोर्टची धाकधूक सांगताना हा वाक्प्रचार नको, तिथे साधं ‘वेटिंग फॉर’. कुणाच्या अंत्यविधीबद्दल चुकून लिहिलं तर पुढचं बोलायलाच नको.

नकारार्थी रूप मात्र कामाचं आहे. ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू मंडे’ म्हणजे ‘वाट पाहत नाही’ एवढंच नव्हे. सोमवार नकोसा झालाय, पण ते सौम्य शब्दांत सांगितलंय. आणि ‘आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असं भूतकाळात लिहिलंत, तर समोरच्याला भेट रद्द झाली असं वाटू शकतं. भेट अजून व्हायची असेल तर ‘ॲम’च ठेवा.