हळदीच्या धुळीनं खाल्लेलं इंजिन

आमच्या ट्रॅक्टरचा नंबर एमएच 22 नं सुरू होतो, आणि गाव आहे हिंगोली जिल्ह्यात. 1 मे 1999 ला हिंगोली परभणीतून वेगळा झाला, नव्या गाड्या एमएच 38 झाल्या, आमचा जुनाच राहिला. आण्णांनी 1992 साली घेतलेला एचएमटी 2511, दोन सिलिंडर, 25 एचपी. पिंजोरच्या कारखान्यात 1971 पासून झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीवर हे ट्रॅक्टर बनायचे. 2016 ला सरकारनं तो ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. म्हणजे ज्याची कंपनीच राहिली नाही, असा ट्रॅक्टर दारात. विकायला काढला की गिऱ्हाईक वजनाचा भाव सांगतं, आणि पेरणी, कोळपणी, ट्रॉली तर हा अजून करतो. म्हणून ठेवलाय.

दोन वर्षांपूर्वी तो ऑइल खायला लागला. आधी आठवड्याला लिटर, मग दिवसाला. सकाळी चालू केला की निळा धूर अंगणभर, माय ओरडायची, "वाळवणावर धूर बसायलाय, तिकडं ने ते!" ट्रॉली भरून वसमतच्या मोंढ्याला निघालो की चढाला दम टाकायचा.

पहिल्या मेकॅनिकनं डिझेलचा पंप आणि नोझलवर बोट ठेवलं. दोन्ही करून आणले, साडेचार हजार गेले, धूर तसाच. दुसऱ्यानं इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड खोललं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, "हाफ कामात भागतंय, कशाला खर्च करता" म्हणाला. मलाही तेच ऐकायचं होतं. पाच महिने बरा चालला. पुढच्या हळदीच्या हंगामात पुन्हा तेच.

मग मे महिन्यात नांदेडहून एका म्हाताऱ्या मिस्त्री चाचांना घेऊन आलो. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर तळवा धरला. मलाही धरायला लावला. आतून फक् फक् गरम फुंकर येत होती, ऑइलचे थेंब तळव्यावर. "जळणाची हवा खाली उतरायली," म्हणाले. म्हणजे रिंगांच्या बाजूनं जळालेला वायू खाली येत होता. मग ट्रॅक्टर बंद करून विचारलं, "साल भर में इससे क्या काम लेते, मालक?"

मी सगळं सांगितलं. पेरणी, पाळी, ट्रॉली. आणि फेब्रुवारी ते एप्रिल हळदीचं पॉलिश.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गोम यातच आहे. हळद शिजवून वाळवली की हळकुंडं ड्रममध्ये घालून घासतात, तेव्हा वरची साल आणि माती जाते. तो ड्रम आम्ही पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर फिरवतो आणि गावभर क्विंटलमागे पैसे घेऊन पॉलिश करून देतो. ड्रम फिरायला लागला की पिवळ्या धुळीचा लोट उठतो, समोरचा माणूस दिसत नाही. ट्रॅक्टर मात्र दिवसभर त्याच जागी उभा, त्याच लोटात, श्वास घेत. तीन हंगाम त्यावर चांगले पैसे मिळाले होते.

चाचांनी एअर क्लीनरची खालची वाटी काढली, इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ हिच्यातल्या ऑइलमध्ये अडकते. ऑइलच्या जागी घट्ट चिखल होता. पण त्याहून वाईट पुढं होतं. क्लीनरकडून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप त्यांनी दोन्ही हातांनी वाकवला, तशी खालच्या अंगाला बोटभर लांब चीर उघडली. सरळ ठेवला की दिसतच नव्हती. पाइपच्या आत बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. पिवळसर मळी, चिमटीत चोळली तर करकर वाजणारी. हळद मऊ असते, करकर मातीची. क्लीनर कितीही साफ ठेवला असता तरी इंजिन या चिरीतून थेट धूळ ओढत होतं. नव्या रिंगा पाच महिन्यांत का गेल्या, ते तिथं कळलं. दोन मेकॅनिक, आणि मी स्वतः, कुणीच तो पाइप वाकवून बघितला नव्हता. नवा पाइप एकशेऐंशी रुपयाला मिळाला.

इंजिन उतरवायचं म्हणजे ट्रॅक्टर कंबरेतून मोडावा लागतो. पुढचा भाग ठोकळ्यांवर, मागचा जॅकवर, मधून क्लच उघडा. आण्णा तेवढं बघून शेतात निघून गेले, दोन दिवस तिकडं फिरकले नाहीत.

पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो, त्या लायनरच्या वरच्या कडेला नख लावलं तर अडकत होतं, म्हणजे रिंग जिथवर जाते तिथवर झीज, आणि वर मूळची कड तशीच. चाचांनी रिंग लायनरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या घातल्या. नव्या कामात ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते; इथं पट्ट्यांवर पट्ट्या मावत गेल्या. पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या क्रँकवर झीज घासून काढायला आधी वीसचं ग्राइंडिंग झालेलं, आता तीसवर गेला. थाऊचा हिशोब आहे हा, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "अगली बार नया क्रँक देखना," चाचा म्हणाले. नवा कुठून आणणार, ते नाही सांगितलं.

लायनर-पिस्टनचा सेट नांदेडच्या एका दुकानातून घेतला. पहिला सेट चुकीचा निघाला, पिस्टनची पिन बसेना. परत करायला गेलो तर "खोललेला माल परत नाही." अर्धा दिवस हुज्जत घातली, मग बदलून दिला. पाण्यात बसणारे लायनर असल्यानं बोअर करायचा खर्च वाचला, जुने ओढून काढायचे, नवे बसवायचे. पण खाली रबरी रिंगा असतात, त्यातून पाणी झिरपलं तर ऑइलमध्ये जातं. चाचांनी त्या साबणाचं पाणी लावून हातानं बसवल्या, ग्रीस लावू दिलं नाही. वरची कॉलर ब्लॉकच्या वर केसभर उभी आहे का, हे पट्टी आडवी ठेवून तपासलं. ती खाली राहिली तर हेड गॅस्केट जळतं.

मग एक गोष्ट केली, जी मी कधी पाहिली नव्हती. क्रँक-पिस्टन चढवायच्या आधी पाण्याची तोंडं बंद करून ब्लॉकमध्ये वरून पाणी भरलं, खाली कोरडा कागद टाकला, आणि "आता सकाळी" म्हणून निघून गेले. सकाळी कागदावर बांगडीएवढा ओला डाग. दुसऱ्या लायनरची रबरी रिंग बसवताना कापली गेली होती. घाईनं सगळं जोडलं असतं तर परत सगळं खोलावं लागलं असतं.

बाकी जोडणी दीड दिवसात झाली. हेडचे नट मधून बाहेर, टॉर्क पान्यानं तीन फेऱ्यांत. डिझेलची हवा काढताना फिल्टरचा स्क्रू सैल करून मी हातपंप मारत होतो, आधी फेस, मग बुडबुडे, मग सरळ धार. चौथ्या सेल्फला ट्रॅक्टर पकडला. थोडा वेळ पांढरा धूर आला, मग नुसती थरथर दिसायला लागली. आण्णा गोठ्याकडून आले, काही न बोलता झाकण काढून तळवा धरला. फुंकर नव्हती.

खर्च एकतीस हजार आला, त्यात चाचांची मजुरी आठ. पहिल्या पंप-नोझलचे आणि रिंगांचे पैसे यात धरले नाहीत, धरवत नाहीत. पहिले पन्नास तास जड काम नाही, मग ऑइल बदलून हेड परत आवळायचं, हे ठरलेलं होतं. पण मृग वेळेवर बरसला आणि सगळं गाव पेरणीला लागलं. आम्ही फक्त पेरणी यंत्र ओढलं, मोगडा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं भाड्यानं मारून घेतला. आण्णांना ते फार लागलं.

या हंगामात पॉलिशला गेलो की ट्रॅक्टर लावायच्या आधी मी मूठभर माती वर सोडून वारा बघतो आणि धूळ ट्रॅक्टरवर येऊ नये अशा हिशोबानं ड्रम वळवून लावतो. संध्याकाळी वाटी धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल, आणि पाइप वाकवून एक नजर. हळदवाले हसतात, म्हणतात, "मालक, उफणायला आलाव का पॉलिशला?"