६.१० मीटर रुंद भूखंड

गेल्या उन्हाळ्यात बांधकाम परवानगीचा एक प्रस्ताव माझ्याकडे छाननीला आला. भूखंडाची रुंदी ६.१० मीटर आणि लांबी ११८.८७ मीटर. सार्वजनिक रस्त्याला लागून असलेल्या तोंडाशी तीन गाळे दाखवले होते आणि मागची सगळी पट्टी मोकळी ठेवली होती. सातबारा अर्जदाराच्या नावावर, फेरफार प्रमाणित, खरेदीखत नोंदणीकृत, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची ‘क’ प्रत जोडलेली. कागदांत बोट ठेवायला जागा नव्हती. पण इतकी वर्षे नकाशे पाहिल्यावर डोळा आकारावरूनच ओळखतो. हा भूखंड नव्हता, हा रस्ता होता.

मी नागपूरला राहतो आणि जिल्ह्यातल्याच एका लहान नगर परिषदेत रचना सहायक म्हणून काम करतो. नागपूर शहरात प्लॉट घेणारा मनुष्य पहिला प्रश्न ‘आरएल आहे का?’ म्हणजे प्लॉटला मान्यता देणारे सुधार प्रन्यासाचे पत्र आहे का, असा विचारतो. १९३६ च्या कायद्याने आलेल्या या प्रन्यासामुळे आणि गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय पाडून विकलेल्या प्लॉटांच्या, नियमितीकरणामुळे तिथल्या सामान्य माणसालाही ले-आउटची भाषा कळते. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे अनधिकृत ले-आउटांच्या संख्येचे आकडेसुद्धा तिथे त्या ले-आउटांची नावे होऊन बसले आहेत. लहान गावात ही जाण अजून पोचलेली नाही. तिथे अकृषक आकारणीची पावती म्हणजेच ले-आउटची मंजुरी असे समजले जाते, आणि घराचा कर नगर परिषद घेते म्हणजे घर अधिकृत असेही समजले जाते. हे दोन्ही समज खोटे आहेत, आणि ते दूर करण्यासाठी आमच्या कार्यालयाने कधी एक फलकही लावलेला नाही.

प्रस्तावातला खसरा क्रमांक पाहताच मला ती गल्ली आठवली. एका शेतकऱ्याने १९८६ च्या सुमारास ०.४३ हेक्टरच्या शेताचे ३० बाय ५० फुटांचे २६ प्लॉट पाडले, तेरा उत्तरेला आणि तेरा दक्षिणेला, मध्ये २० फुटांची वाट ठेवली आणि एकेक करून सगळे विकले. मंजुरी घेतली नाही. घेतली असती तर दोन गोष्टी कराव्या लागल्या असत्या. क्षेत्र ४,००० चौरस मीटरहून अधिक असल्यामुळे १० टक्के खुली जागा सोडावी लागली असती, आणि वाट २० फुटांवर भागली नसती. ले-आउटमधला अंतर्गत रस्ता साधारणपणे ९ मीटरपासून सुरू होतो आणि लांबी वाढेल तशी त्याची रुंदीही वाढवावी लागते, कारण जितका रस्ता लांब तितकी त्यावरची घरे, गाड्या, गटाराचे पाणी आणि जमिनीखालच्या वाहिन्या अधिक. ही ९ मीटर रुंदी लोकांना अधिकाऱ्यांचा हट्ट वाटते. दोन्ही बाजूंना गटार, एका बाजूला विजेचे खांब, एक उभे वाहन आणि त्याच्या शेजारून जाणारा अग्निशमन बंब एवढे एकदा कागदावर मांडून पाहिले, की ९ मीटरही ऐसपैस नाहीत हे कळते.

आता त्या भूखंडाचा जन्म कसा झाला ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला तो सहज उमजणार नाही. प्लॉट विकला गेला की फेरफार होतो आणि तेवढे क्षेत्र मूळ मालकाच्या सातबारावरून कमी होते. २६ प्लॉटांचे मिळून ३९,००० चौरस फूट कमी झाले. शेत होते ४६,८०० चौरस फुटांचे. उरलेले ७,८०० चौरस फूट, म्हणजे सुमारे सव्वासात आर, कोणी विकत घेतले नाही आणि कोणाला हस्तांतरितही केले नाही. ते मूळ मालकाच्या नावावर ‘शिल्लक क्षेत्र’ म्हणून राहून गेले. सातबारा त्याला रस्ता म्हणत नाही, कारण ले-आउट मंजूर नसल्यामुळे रस्ता असा कुठल्याच अभिलेखात जन्मला नव्हता. शेतकरी वारला, मुलाच्या नावावर वारसफेर झाला, आणि मुलाने ते शिल्लक क्षेत्र एका निवृत्त वाहनचालकाला विकले.

स्थळपाहणीच्या दिवशी मी सकाळी साडेआठला तिथे पोचलो. गल्लीच्या तोंडाशी दोन सिमेंटचे खांब रोवले होते, त्यांच्यामधून दुचाकी तेवढी जात होती. घंटागाडी चार दिवसांपासून आत गेली नव्हती. एकोणीस घरांतली जवळजवळ सगळी माणसे बाहेर उभी होती आणि त्यांच्यासमोर अर्जदार एकटा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत खरेदीखत घेऊन. मूळ मालकाचा मुलगाही आला होता.

मी आधी फीत धरली. तोंडाशी ५.८२ मीटर, मध्ये एका ठिकाणी ५.४०, शेवटी ६.२८. हा फरक जमिनीने केलेला नाही, घरांनी केला आहे: कुठे ओटा पुढे आलेला, कुठे जिन्याच्या तीन पायऱ्या, कुठे गाडी चढवायचा उतार, आणि दोन ठिकाणी तर शौचालयाच्या टाकीचे झाकण थेट वाटेत. जे लोक त्या दिवशी रस्त्यासाठी भांडत होते त्यांतल्या निम्म्यांनी त्याच रस्त्याचा वीत-दोन वीत तुकडा स्वतः खाल्लेला होता, आणि हे मी त्यांना तिथेच सांगितले. ते त्यांना आवडले नाही, पण खोटे आहे असेही कोणी म्हणाले नाही.

मग मी सगळ्यांना आपापली खरेदीखते आणायला सांगितले. सतरा मिळाली. एका निवृत्त गुरुजींच्या ओट्यावर बसून मी ती क्रमाने लावली आणि प्रत्येकाची चतुःसीमा एका कोऱ्या कागदावर उतरवून घेतली. या कामात मला मनापासून समाधान मिळते आणि ते हल्ली कोणी करत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. प्लॉट क्रमांक ७ च्या खतात पूर्वेस प्लॉट क्रमांक ६, पश्चिमेस प्लॉट क्रमांक ८, दक्षिणेस २० फूट रोड असे असेल, तर ८ च्या खतात पूर्वेस ७ यायलाच हवा. तो आला की दोन विटा जुळल्या. उत्तरेकडच्या रांगेला दक्षिणेस रोड, दक्षिणेकडच्या रांगेला उत्तरेस रोड. दोन्ही रांगा समोरासमोर ठेवल्या की मधली वाट आपोआप दिसू लागते, कोणी न काढलेला नकाशा खतांच्या कडांवरून उभा राहतो. सतरापैकी पंधरा खतांत २० फूट होते आणि दोघांच्या खतांत १५ फूट. दस्त लिहिणाऱ्याने एका दुपारी केलेल्या हयगयीची किंमत अशी चाळीस वर्षांनी कोणाला तरी मोजावी लागते. तरीही मूळ मालकाने पंधरा वेगवेगळ्या खरेदीदारांना सही करून ‘इथे २० फूट रोड आहे’ असे लिहून दिले होते, ही वस्तुस्थिती त्या कागदावर स्पष्ट उभी राहिली.

मुलाने तो कागद पाहिला आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, माह्या बापानं प्लाट इकले, रोड नाही इकला. इकला असन तर दाखवा.”

ते त्याला दाखवता येत नव्हते, कारण रस्ता खरोखरच विकला गेला नव्हता. प्लॉटधारकांना त्यावरून येण्याजाण्याचा हक्क मिळाला, जमीन मिळाली नाही. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम नागपूरकडच्या मुलखाला, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांताला, पहिल्यापासून लागू आहे, आणि वीस वर्षांच्या अखंड, उघड वापराने वहिवाटीचा हक्क कसा प्राप्त होतो ते त्यात सांगितले आहे. पण तो हक्क ठरवणे दिवाणी न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. दिल्लीच्या एका ले-आउटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे, की सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेली जागा मालकाने लोकांसाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते, मात्र कायद्याच्या आधाराशिवाय स्थानिक संस्था ती फुकट आपल्या नावावर करून घेऊ शकत नाही. म्हणजे प्लॉटधारक, मुलगा आणि नगर परिषद या तिघांचेही हात त्या पट्टीला लागलेले होते आणि पूर्ण पकड कोणाचीच नव्हती. आमच्या भागात निस्तार पत्रकात किंवा वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या वहिवाटीच्या हक्कांच्या जुन्या अभिलेखांत, जुन्या वाटांची नोंद सापडते, म्हणून मी तेही आदल्या दिवशी पाहून आलो होतो. जवळून जाणारी पांदण, म्हणजे शेतांकडे जाणारी वाट, नोंदलेली होती, पण ती या शेताच्या बाहेरून जाते. तिचा काही उपयोग नव्हता.

यात नगर परिषदेचा भाग मला सर्वांत अधिक सलतो. त्या गल्लीत आमची जलवाहिनी आहे, पथदिवे आहेत, आणि मधोमध ३ मीटर रुंदीचा सिमेंट रस्ताही आहे. बांधकाम विभागाच्या मोजमाप पुस्तकात त्याची लांबी ११८ मीटर नोंदलेली आहे. ज्या जमिनीवर आपण सार्वजनिक पैसा ओतला ती जमीन कोणाची, हे काम काढताना एकानेही विचारले नाही. आमच्या रस्त्यांच्या नोंदवहीत तर ही गल्ली आजही नाही. नगर परिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात खासगी रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित करण्याची सोय आहे. काँक्रीट टाकण्यापूर्वी ती वापरली असती तर म्हातारा शेतकरी हयात होता, आणि गुरुजी सांगतात त्यावरून तो सहीला नाही म्हणाला नसता.

अर्जदाराविषयी मला राग धरता आला नाही. त्याने निवृत्तीच्या पैशांतून ही जमीन घेतली होती. घेताना समोर सिमेंटचा रस्ता त्याला दिसत होता, त्यामुळे तो अगदीच अजाण होता असे म्हणता येणार नाही. पण मोजणीवाल्यांनी खुणा दाखवल्या, निबंधक कार्यालयाने दस्त नोंदवला, सातबारावर नाव चढले, तेव्हा सरकारी शिक्क्यांच्या एवढ्या पायऱ्यांनी त्याला थांबवले नाही, हेही तितकेच खरे आहे. लोक त्याला ‘रोड खाणारा’ म्हणत होते. तो कोणाला उत्तर देत नव्हता. त्याने पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

तो माझ्याच सहीचा नकाशा होता. तीन वर्षांपूर्वी याच गल्लीतल्या गुंठेवारीत नियमित झालेल्या एका प्लॉटवर मी घराची परवानगी शिफारस केली होती. पोचरस्त्यावर लिहिले होते, ‘विद्यमान रस्ता, रुंदी ६.१० मी.’

“साहेब, हा रोड तुमी कोणाच्या नावानं धरला होता?” त्याने विचारले.

लोकांना वाटले की हा कागद त्यांच्या बाजूचा आहे, गुरुजी तर म्हणाले, “बघा, सरकारी नकाशात रोड आहे.” पण मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्या वेळी मी रस्त्याचा सातबारा मागितलाच नव्हता. छाननीच्या तक्त्यात तो रकाना नाही. एवढेच नव्हे, त्या दिवशी मी रुंदी मोजलीही नसावी, कारण ६.१० हा आकडा जमिनीवर कुठेच नाही. तो २० फुटांचे केलेले रूपांतर आहे, खरेदीखतावरून उचललेले. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या सहकाऱ्यांच्या फायलींतही असाच ६.१० सापडतो. सगळ्या गावातल्या गल्ल्या बरोबर ६.१० मीटर कशा असतील, हे आमच्यापैकी एकालाही खटकले नाही.

मी अहवालात लिहिले, की प्रस्तावित भूखंड हा २६ प्लॉटांचा एकमेव पोचमार्ग असून त्यावर नगर परिषदेच्या सुविधा अस्तित्वात आहेत, तोंडाशी बांधकाम झाल्यास सर्व घरांचा मार्ग बंद होईल, सबब परवानगीची शिफारस करता येत नाही. सतरा चतुःसीमांचा कागद जोडला. वरिष्ठांनी पहिल्या मसुद्यातला ‘रस्ता आहे’ हा शब्दप्रयोग खोडून ‘रस्ता म्हणून वापरात आहे’ असे करायला लावले. तेव्हा मला ते कचखाऊपणाचे वाटले होते. आता वाटते, त्यांचेच बरोबर होते, कारण ‘आहे’ म्हणायचा अधिकार आम्ही कधी मिळवलाच नव्हता. प्रस्ताव नामंजूर झाला, नोटिशीनंतर खांबही निघाले.

त्यानंतर मी प्रत्येक प्रस्तावाबरोबर पोचरस्त्याचाही सातबारा मागू लागलो. वास्तुविशारदांनी तक्रारी केल्या, की नियमावलीत नसलेला कागद मी अडवणुकीसाठी मागतो. आतापर्यंत अशा आणखी तीन गल्ल्या सापडल्या आहेत, जिथे शिल्लक क्षेत्र अजून मूळ मालकांच्या वारसांच्या नावावर पडून आहे. त्यांची यादी करून मी वरिष्ठांना दिली आहे, वारसांशी बोलून हस्तांतरण करून घ्यावे अशी टिप्पणीही ठेवली आहे. ती फाईल लेखा विभागात आहे, कारण मोबदल्याचा प्रश्न निघाला. प्लॉटधारक म्हणतात, आम्ही रस्त्याचे पैसे प्लॉटच्या किमतीतच दिले. निवृत्त वाहनचालक म्हणतो, मी माझे पैसे कोणाकडे मागू?

आणि ज्या घराच्या परवानगीवर माझी सही आहे, त्या घरमालकाने मागच्या महिन्यात लेखी अर्ज दिला. रस्त्याची मालकी दुसऱ्याची निघाल्यामुळे त्याच्या परवानगीला काही बाध येतो का, एवढेच त्याने विचारले आहे. त्याला गृहकर्ज घ्यायचे आहे आणि बँकेने पोचरस्त्याचा दाखला मागितला आहे. उत्तराचा मसुदा मी तीनदा लिहिला. तिन्ही वेळा ‘विद्यमान रस्ता, रुंदी’ इथपर्यंत येऊन थांबलो. उद्या सकाळी फीत घेऊन त्याच्या दारासमोर पुन्हा मोजून येणार आहे.