आजीच्या मामाचा शोध आणि ६४ सेंटिमॉर्गन

आजी, म्हणजे आईची आई, तिच्या मामाबद्दल एवढंच सांगायची, "कामाला म्हणून गेला तो गेलाच." दोन पत्रं आली, मग तीही बंद झाली. माझ्या पणजीने आपल्या या भावाचं नाव घरात काढणंच सोडून दिलं होतं. रागाने की दुःखाने, ते आजीलाही कधी कळलं नाही. आमच्या वंशावळीत त्याच्या नावापुढे जन्माचं साल आहे आणि मृत्यूच्या जागी प्रश्नचिन्ह. कागद शोधून झाले, म्हातारी माणसं विचारून झाली. शेवटी मी डीएनए चाचणीसाठी नळीत थुंकले.

थुंकणं वाटतं तितकं सोपं नाही बरं का. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही आणि मग नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकी भरायची. फेस धरायचा नाही. माझा फेस कधीच रेघेच्या वर गेला होता, थुंकी मात्र तळाशीच. निकाल दीड महिन्याने आला. तुमचे पूर्वज कुठल्या भागातले, याचा रंगीत नकाशा त्यात असतो. लोक तोच एकमेकांना दाखवतात, पण हरवलेला माणूस शोधायला त्याचा काडीचा उपयोग नाही. खरा माल असतो तो जुळणाऱ्या लोकांच्या यादीत. माझ्या यादीत हजारावर नावं होती. त्यातली निम्मी नुसती आद्याक्षरं, आणि बहुतेकांनी वंशावळ जोडलेलीच नाही.

प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो, सेंटिमॉर्गनमध्ये. फळमाशांवर काम करणाऱ्या थॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञाच्या नावावरून हे माप आलं. दोन माणसांच्या गुणसूत्रांचे किती लांबीचे तुकडे सारखे आहेत, ते हा आकडा सांगतो. आई-मुलात साधारण ३,४०० ते ३,५०० भरतात. सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांत सरासरी ८६६. त्यापुढची पिढी, म्हणजे ज्यांचे आजी-आजोबा एकमेकांची सख्खी भावंडं होती, त्यांच्यात सरासरी २२९. आणखी एक पिढी खाली उतरलं की ७३. या सरासऱ्या वंशावळ-अभ्यासक ब्लेन बेटिंगर यांच्या 'शेअर्ड सीएम प्रोजेक्ट'मधल्या (सीएम म्हणजे सेंटिमॉर्गन). हजारो लोकांनी आपापले आकडे कळवून तो तक्ता झाला आहे. सरासरीपेक्षा त्यातला खालचा-वरचा पल्ला जास्त महत्त्वाचा, हे मला फार उशिरा उमगलं. ७३ सरासरी असलेल्या नात्यात तो पल्ला ० ते २३४ असा आहे. शून्यसुद्धा! म्हणजे नातं खरंखुरं असूनही दोघांत एकही तुकडा सारखा न निघणं शक्य आहे, आणि अशा दर दहा जोड्यांत साधारण एका जोडीचं तसंच होतं.

माझ्या यादीत सगळ्यात वर होता २१२चा एक जण. नाव दोन अक्षरी, फोटो नाही, वंशावळ नाही. मी ठरवूनच टाकलं की हाच आजीच्या मामाचा वंशज. का ठरवलं? कारण मी त्याच्यासाठीच थुंकले होते. याहून बरं कारण आजही मला देता येणार नाही.

इथे आपल्या भाषेनेही मला चकवलं. मराठीत चुलत, मावस, आते, मामे अशी नाती बाजूसकट सांगितली जातात. ऐकताक्षणी कळतं की माणूस आईकडचा की वडिलांकडचा. इंग्रजी यादीत ती सगळी 'कझिन' या एकाच पोत्यात, फक्त पहिलं-दुसरं-तिसरं असा क्रमांक आणि वर 'एकदा रिमूव्ह्ड' म्हणजे एका पिढीचा फरक. आकड्याला तर बाजू नसतेच. पण माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून त्या माणसाला 'आईकडचा' ही चिठ्ठी चिकटली, आणि पुढचे चार महिने मी ती वाचतच काम करत राहिले. त्याला दोन पानी संदेश पाठवला. पणजी, तिचा भाऊ, ती दोन पत्रं, सगळं रामायण. उत्तर नाही. मी आणखी एक पाठवला.

मग एका जाणत्या मैत्रिणीने विचारलं, "आईची चाचणी केलीस का?"

आई माझ्यापेक्षा एक पिढी वर. आईकडच्या प्रत्येक नातलगाशी तिचे जुळणारे तुकडे निदान माझ्याइतके तरी असणारच, सरासरीने दुप्पट, कारण मला तिच्यातलं अर्धंच मिळालंय. शिवाय माझ्या यादीतला जो तिच्या यादीत नाही तो तिच्या बाजूचा नाहीच, इतका सरळ हिशोब. आधी मी माझ्या मामाला विचारलं होतं. तो साफ नाही म्हणाला. ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीची २०२३ची बातमी त्याने माझ्यासमोर ठेवली. जुने पासवर्ड वापरून चोरांनी उघडली साधारण १४ हजार खाती, पण नातेवाईक दाखवणाऱ्या सोयीमुळे माहिती गेली जवळजवळ ६९ लाख लोकांची. "तू तुझी थुंकी दे, माझी अर्धी तशीही त्यात गेलीच," असं म्हणून त्याने विषय संपवला. अर्धी नाही, भाचीत साधारण पाव, पण मुद्दा बिनतोड होता. मी पुन्हा विचारलं नाही. आईला मात्र हे सगळं सांगून, तिच्या हातात पासवर्ड देऊन मगच नळी दिली.

आईचा निकाल आला. २१२वाला तिच्या यादीत नव्हता. कमी-जास्त नाही, मुळात नव्हताच.

म्हणजे तो वडिलांकडचा. चार महिने मी चुकीच्या घराचं दार ठोठावत होते. पुढचं सांगायला अजून लाज वाटते. वडिलांकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सहज विचारलं, कुणी डीएनए चाचणी केली आहे का? दोन मिनिटांत वडिलांच्या चुलतभावाच्या मुलाचं उत्तर आलं, "हो ना, मी. तू ते मोठं पत्र पाठवलंस तेव्हा मला वाटलं फसवणूक आहे." रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतो तोच हा. आमचे आजोबा सख्खे भाऊ. सरासरी २२९, आमचे २१२. तक्त्यात चपखल बसत होतं, फक्त मी तक्त्याकडे आईच्या चष्म्यातून बघत होते.

त्यानंतर पद्धतीने बसले. वंशावळ-अभ्यासक डेना लीड्स यांनी २०१८मध्ये मांडलेली रंगांची रीत सोपी आहे. ९० ते ४०० सेंटिमॉर्गनमधली नावं एका खाली एक लिहायची. पहिल्याला एक रंग द्यायचा. त्याच्याशीही आणि तुमच्याशीही जुळणाऱ्या सगळ्यांना तोच रंग. मग खाली जो बिनरंगाचा उरला त्याला दुसरा. सगळं सुरळीत झालं तर चार रंग पडतात, चार आजी-आजोबांचे चार गट. माझ्याकडे ९०च्या वर माणसंच होती पाच. म्हणून मी ४०पर्यंत खाली उतरले. त्यामुळे रंग थोडे एकमेकांत मिसळले, पण आईची यादी शेजारी असल्याने निभावलं.

हिरव्या रांगेत मला एक ओळखीचा खुंटा सापडला, पणजीच्या धाकट्या बहिणीची नात. आईच्या पिढीतली ती मावशी आम्हाला चांगली माहीत होती. माझ्याशी ७८, आईशी १९०. तिच्याशी जुळणारे म्हणजे पणजीच्या माहेरचे, पणजोबांचे नव्हेत. एवढी एक ओळखीची व्यक्ती यादीत असणं हे शंभर अनोळखी जुळण्यांपेक्षा मोलाचं. तसं कुणी नसेल तर आधी त्या बाजूच्या एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाला विचारून बघा. राजी असतील तर त्यांची चाचणी करा, मग यादीला हात घाला.

मावशीबरोबर हिरव्या रांगेत दोन अनोळखी नावं होती. एक ५८ची, एक ६४ची. मला आकडे जवळजवळ सारखेच वाटले. पण तुकडे मोजले तेव्हा फरक दिसला. ५८चे सात बारीक तुकडे, सगळ्यात लांब १२. ६४चे चारच, सगळ्यात लांब २७. ज्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या आपसात लग्नं झालेली असतात तिथे दोन माणसं अनेक जुन्या वाटांनी एकमेकांची लागतात, आणि ते सगळे जुने कपटे मिळून आकडा फुगतो. मोठा सलग तुकडा असेल तर एखादा अलीकडचा पूर्वज असण्याची शक्यता जास्त. ७ सेंटिमॉर्गनच्या खालचे सुटे तुकडे तर मी आता बघतही नाही. त्यातले बरेच योगायोगाने जुळल्यासारखे दिसतात. ५८ बाजूला ठेवली. ६४वाली आईशी १३८ला जुळत होती आणि मावशीशीही त्याच २७च्या तुकड्यावर. चौघी एकाच जागी.

या वेळी संदेश तीन ओळींचा लिहिला. "आपण ६४ सेंटिमॉर्गन जुळतो. आपलं नातं माझ्या पणजीच्या माहेरच्या घराण्यातून असावं असं वाटतं, आडनाव असं असं. तुमच्या पणजोबा-पणजीपैकी कुणी लहानपणी घर सोडून दूर गेलं होतं का?" बस. हरवलेला भाऊ नाही, अबोला नाही, आमची वंशावळ नाही. समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येईल असा एकच प्रश्न.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. "आडनाव आमचं ते नाही. पण पणजोबा कुठून आले ते कुणाला माहीत नाही. ते सांगायचे नाहीत."

ते वाचलं आणि मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसले. तिकडेही न सांगणं होतंच तर.

आनंद झाला तरी एवढ्यावर नातं सिद्ध होत नव्हतं. तिच्या पणजोबांची आणि माझ्या पणजीची पिढी एक धरली तर आमची सरासरी ७३ यायला हवी आणि तिची आईशी १२२. ६४ आणि १३८ छान बसतात. पण सावत्र भावंडांच्या वंशातून एक पिढी इकडे-तिकडे धरली तरीही ते बसतात. डीएनए पेंटर या संकेतस्थळावर आकडा टाकला की सगळ्या शक्यता टक्केवारीसकट पुढे येतात, आणि एकाच आकड्याला किती नाती लागू पडतात हे बघून माणूस जमिनीवर येतो. आकड्याने गट सांगितला. माणूस कागदालाच सांगावा लागणार होता.

कागद तिने शोधला. पणजोबांच्या नोकरीत भरती होतानाच्या फॉर्मची झेरॉक्स त्यांच्या घरातल्या ट्रंकेत होती. तिने फोटो पाठवला. आडनाव वेगळं, वय दोन वर्षांनी वाढवलेलं. वडिलांचं नाव बरोबर, पण असं नाव काय शेकड्यांनी सापडतं. मी फोटो मोठा करत करत खाली आले. 'जवळचे नातेवाईक' अशा रकान्यात बारीक अक्षरात एक बाईचं नाव आणि पुढे 'बहीण'. पणजीचं नाव. लग्नानंतरचं, नवऱ्याच्या नावासकट, जे घराबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. रकान्यात पत्त्याचीही जागा होती. ती कोरी होती.

आईला फोन लावला. तिने फोटो बघितला, चष्मा लावून पुन्हा बघितला आणि म्हणाली, "अगं, म्हणजे पत्ता असूनही दिला नाही त्याने." मला तो रकाना भरलेला दिसला होता, तिला कोरा.

व्हिडिओ कॉल झाला तेव्हा पलीकडे ती आणि तिचा भाऊ असे दोघे होते. त्यानेही मध्यंतरी चाचणी करून घेतली होती. त्याचे आणि माझे जुळले फक्त ११. सख्खी बहीण-भावंडं, एकच पणजोबा, पण वाटपात कुणाच्या हाती काय येईल ते सांगता येत नाही. तिच्याऐवजी आधी त्याने चाचणी केली असती तर यादीच्या तळाशी गेलेल्या त्या नावाकडे मी ढुंकूनही बघितलं नसतं. आईला हे काही केल्या पटेना. "त्याला अकराच कसे?" ती कॉलवर दोनदा म्हणाली, जणू कुणी त्याच्या ताटात कमी वाढलं होतं. तो बिचारा हसत राहिला.

वंशावळीतलं ते प्रश्नचिन्ह खोडून मी साल लिहिलं. खाली २३ नावं वाढली. पिवळ्या रांगेतला १०४चा एक जण मात्र अजून तसाच आहे. वंशावळ नाही, फोटो नाही, गेल्या दोन वर्षांत तो तिथे फिरकलेलाही नाही. त्याला मी तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत. त्याआधी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून घेतलं, आपल्यातला तर नाही ना.